तीन महिन्यांत मोबाइल डेव्हलपर घडवणाऱ्या सर-मॅडमना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात सॉफ्टवेअरचे क्लास चालवणारे सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या सुट्टीत माझा भाचा खानापुरातून आमच्याकडे आला तो तीन क्लासची पत्रकं घेऊनच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे. एका पत्रकावर फ्लटर, दुसऱ्यावर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि तिसऱ्यावर 'एआय पॉवर्ड फुल स्टॅक मोबाइल'. पहिली दोन म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप बनवायची साधनं. या तिसऱ्याचा अर्थ मलाही लागला नाही, आणि मी या कामात सोळा-सतरा वर्षं आहे. मुदत तिन्हीकडे तीन महिने. तिन्हीवर लाल अक्षरांत 'जॉब गॅरंटी'. हातात मोदक धरून तो म्हणाला, "मामा, यातली कुठली भाषा घेऊ? पप्पा म्हणालेत, पैसे एकदाच घालतो, पण जन्मभर पुरेल अशी घे."

दाजींचं म्हणणं मला कळतं. म्हैस घेताना, विहिरीवर मोटर बसवताना त्यांनी हाच हिशोब केला. फीसाठी सोसायटीचं कर्ज काढायचं तर वस्तू टिकाऊ हवी. पण मुलगा शिकायला तुमच्याकडे येणार. मामाचं बोलणं फुकटचं, सरांचं बोलणं फी भरून ऐकलेलं, त्यामुळं ते पटतं. म्हणून त्याला जे सांगितलं ते तुम्हालाच लिहून पाठवतोय. रागावू नका, आणि रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझं सांगतो. २००७ साली टिळकवाडीतल्या एका क्लासच्या मागच्या बाकावर बसून मी व्हिज्युअल बेसिक ६, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिहायचं साधन, शिकलो. सर मनापासून शिकवायचे, "एवढं आलं की पोटाची काळजी मिटली" असं म्हणायचे. मायक्रोसॉफ्टनं त्या साधनाचा मुख्य आधार २००५ मध्येच थांबवला होता आणि उरलासुरला एप्रिल २००८ मध्ये. माझं सर्टिफिकेट लॅमिनेट होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. सरांनी फसवलं असं मी आजही म्हणत नाही. त्यांना जे येत होतं ते त्यांनी दिलं. पण हे बंद पडणार असल्याची बातमी काही कुणी दडवून ठेवली नव्हती, ती वाचायची आमच्यापैकी कुणालाच सवय नव्हती.

पहिली नोकरी लागली बेंगळुरूला, नोकियाच्या फोनवर चालणारी छोटी जावा अ‍ॅप लिहायची. मेमरी इतकी तुटपुंजी की एक चित्र जास्त टाकलं की अ‍ॅप गप्प. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियानं सिम्बियन ही आपली जुनी फोन-प्रणाली सोडून विंडोज फोनचा हात धरला, आणि आमच्या टेबलावरचं काम महिन्याभरात ओसरलं. मग अँड्रॉइड आलं, तेही एक्लिप्स नावाच्या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरवर. एम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा नकली फोन, सुरू करायचा आणि खाली जाऊन चहा पिऊन यायचं, परत येईपर्यंत तो अजून जांभया देत असायचा. २०१३ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर झाला, एक्लिप्सचे शॉर्टकट विसरावे लागले. मध्येच एका गिऱ्हाईकाला फोनगॅप हवं होतं, 'एकदा लिहा, सगळीकडे चालवा' म्हणून. ते बनवणारी कंपनी अ‍ॅडोबीनं २०११ मध्ये घेतली होती, २०२० मध्ये अ‍ॅडोबीनं फोनगॅपचं दुकानच आवरलं. त्याच जातीचं झॅमरिन मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विकत घेतलं आणि १ मे २०२४ ला त्याचा आधार संपला. २०१७ मध्ये गूगलनं अँड्रॉइडसाठी कॉटलिन या नव्या भाषेला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा पुन्हा नव्यानं बाराखडी गिरवली.

माझा बेंगळुरूचा रूम पार्टनर ब्लॅकबेरीतला पटाईत होता. आमच्यात सगळ्यात हुशार तोच, आणि पगारही त्याचाच मोठा. "एवढं नीट येत असताना दुसरं कशाला?" असं तो म्हणायचा आणि २०१२ पर्यंत ते खरंच होतं. आज तो पुण्यात विम्याचं काम करतो. बरा आहे, पण फोनवर जुन्या कामाचा विषय निघाला की गप्प होतो.

ही रडकथा म्हणून सांगत नाही. यातल्या कुठल्याही साधनाच्या नावानं माझं घर चाललेलं नाही. नाव बदललं तेव्हा हातात काय उरलं, त्यावर ते चाललं.

आमचे बाबा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांच्या डोळ्यांदेखत कोकवरची कपोला भट्टी गेली आणि विजेची इंडक्शन आली, हातानं कुटायची वाळू मशीन दाबायला लागलं. दरवेळी नव्या पोराला आधी मशीनची बटणं शिकवायचे आणि दरवेळी पहिल्या आठवड्यात माल रिजेक्ट व्हायचा. बाबा घरी येऊन चिडायचे, "लोखंड गार होताना आकसतं, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नाही." ओतकामाचा पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा करतात तो त्या आकसण्यासाठी. भट्टी कुठलीही आणा, लोखंड आकसणारच.

मग मोबाइलमधलं आकसणारं लोखंड कुठलं? ते दाखवायला एक प्रसंग सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी दोन मुलांनी अ‍ॅप केलं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) भरायचं, दर आपोआप निघायचा, शेतकऱ्याला मेसेज जायचा. दिसायला इतकं देखणं की मलाच हेवा वाटला. सकाळी सहाला केंद्रावर कॅनची रांग. लिहून घेणारा पोरगा फॅट टाकतोय तोवर फोन वाजला. बोलून झालं, मग कुणाचा तरी फोटो काढला, परत अ‍ॅपवर आला तर एंट्री कोरी. दुसऱ्या दिवशी तेच. मुलं म्हणाली, फोन हलका आहे, चांगला घ्या. केंद्राच्या चेअरमननी नवा फोन घेतला. तरीही आठवड्यातून दोनदा एंट्री गायब व्हायचीच, आणि ज्याचं दूध कागदावर नाही तो शेतकरी काय बोलतो हे तुम्हाला सांगायला नको.

मी त्यांना फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं एक बटण दाखवलं : 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज'. ते चालू केलं की अ‍ॅप सोडून बाहेर गेल्याबरोबर अँड्रॉइड तुमचा स्क्रीन मोडून टाकतं. जे रांगेत सकाळी कधीतरी घडत होतं ते आता दरवेळी, समोर बसल्या-बसल्या घडू लागलं. मुलं अवाक. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागं पडलेलं अ‍ॅप मारून टाकतं, तुम्हाला विचारत नाही, आणि परत आल्यावर मघाची अवस्था जपून ठेवणं हे अ‍ॅप लिहिणाऱ्याचं काम असतं, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकली. तीन महिने त्यांनी बटणं, रंग, अ‍ॅनिमेशन शिकलं होतं. कुठल्याशा क्लासात, तो कुठला ते मी विचारलं नाही.

हा नियम २००८ च्या पहिल्या अँड्रॉइडपासून आहे. जावात लिहा, कॉटलिनमध्ये लिहा, २०२१ मध्ये आलेल्या जेटपॅक कंपोज या स्क्रीन रचायच्या नव्या साधनात लिहा, फ्लटरमध्ये लिहा, अवस्था जपण्याची पद्धत बदलते, जपणं चुकत नाही. असेच आणखी चार-पाच नियम आहेत. मुख्य थ्रेड, म्हणजे स्क्रीन हलती ठेवणारी कामाची रांग, अडवायचा नाही, बोटाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही तर सिस्टीम 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' असा बोर्ड लावते. परवानगी मागितली म्हणजे मिळेलच असं नाही, २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून माणूस तोंडावर 'नाही' म्हणू शकतो. आणि नेटवर्क. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडे जाऊन बघा, रेंज कशी असते. केंद्रावरची एंट्री आधी फोनमध्येच साठली पाहिजे, वर पाठवायचं काम मागाहून. त्यासाठी फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली केलं आणि २०५० पर्यंत सांभाळायचं असं त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेलं आहे. दाजींना 'जन्मभर पुरेल' असं दाखवायचं झालं तर मी एसक्यूएल, म्हणजे असल्या डेटाबेसशी बोलायची भाषा, दाखवीन. तुमच्या पत्रकांवर ते तळाशी, बारीक टायपात, 'बेसिक्स ऑफ' या शब्दांपुढं असतं.

आता भाषेकडे येतो, कारण भाच्याला उत्तर द्यावंच लागलं.

कुठली भाषा श्रेष्ठ हा वाद आपल्या भागात कसा रंगतो ते मी नव्यानं सांगायला नको. तो वाद वेगळा, त्यात इथं शिरत नाही. पण खडेबाजारातला साडीवाला एका गिऱ्हाईकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी हिंदीत बोलतो आणि तिघींना साडी विकतो, ते त्याला साडी कळते म्हणून. भाषा बदलायचं बाळकडू आपल्या पोरांना मिळालेलंच आहे. कमी पडते ती साडीची ओळख.

तरीही पहिली भाषा कुठलीतरी निवडावीच लागते, आणि माझं मत स्पष्ट आहे : इथल्या मुलानं कॉटलिन आणि सरळ अँड्रॉइड यांनी सुरुवात करावी, निदान सहा महिने, मध्ये दुसरं काही न आणता. कारणं घरगुती आहेत. अँड्रॉइड फोन प्रत्येक घरात आहे, विंडोजच्या लॅपटॉपवर काम होतं आणि प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून उघडतं. आयफोनचं अ‍ॅप करायचं तर अ‍ॅपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त मॅकवर चालतं, आणि अ‍ॅपलचे दरवर्षी ९९ डॉलर वेगळे. मॅकचा हप्ता कंपनीनं भरावा, बापानं नाही. आयफोनची भाषा स्विफ्ट तेव्हा शिकता येते, आणि कॉटलिन नीट आलेल्याला ती सख्खी नसली तरी चुलत बहीण वाटते.

कॉटलिन एका रात्रीत उगवलेली नाही हेही बघा. जेटब्रेन्स या कंपनीनं ती २०११ मध्ये दाखवली, पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली, गूगलनं २०१७ मध्ये स्वीकारली आणि २०१९ मध्ये 'आधी कॉटलिन' असं धोरणच केलं. एवढ्या वर्षांत ती जावाच्या शेजारी नांदायला शिकली, जुना जावा कोड फेकून द्यावा लागला नाही. म्हणून सोबत जावा वाचता आली पाहिजे. लिहायला कमी लागेल, पण कंपन्यांतली जुनी अ‍ॅप त्यातच आहेत आणि नव्या पोराच्या वाट्याला आधी जुनंच येतं.

तुम्ही म्हणाल, मार्केटमध्ये मागणी फ्लटरला आहे. असेल की. एका माणसाकडून दोन फोनांचं काम निघतं, ते छोट्या कंपनीला का नको असेल? ज्या मुलाच्या पगारावर सहा महिन्यांत घर चालायचं आहे, त्यानं आधी फ्लटर घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मीही २०२० पासून फ्लटरमध्ये काम केलंय आणि ते मला आवडतं. फक्त त्याला सांगा की फ्लटर स्क्रीनवरचं प्रत्येक बटण स्वतः रंगवतं, फोनचं बटण वापरत नाही, आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टमधून फोनचीच बटणं उभी करतं. म्हणजे दोघांच्याही पोटात अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोनची प्रणाली) आहेतच. कॅमेरा, ब्लूटूथचा वजनकाटा, बारकोड वाचणारं यंत्र असलं काही जोडायची वेळ आली की ते पोट उघडावं लागतं, आणि तिथं ज्याला खालचं येतं त्याला बोलावणं जातं. मला गेली पाच वर्षं मुख्यतः त्याच कामाचे पैसे मिळतात.

साधन निवडताना मी अजून एक गोष्ट बघतो : स्वयंपाकी स्वतः त्या पंगतीत जेवतो का. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह २०१५ मध्ये फेसबुकनं बाहेर आणलं आणि स्वतःच्या अ‍ॅपमध्ये वापरलं. गूगलनं आपलं गूगल पे फ्लटरमध्ये नव्यानं लिहिलं. ही खूण बरी. पण याच गूगलनं २०२४ च्या उन्हाळ्यात फ्लटर आणि त्याची भाषा डार्ट यांच्या गटांतली काही माणसं कमी केली, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. फ्लटर संपलं नाही, चालू आहे. आणि कुठल्या मोठ्या कंपनीनं काय केलं यावरूनही फार वाहवत जाऊ नये. एअरबीएनबीनं २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं जाहीर केलं, शॉपिफायनं २०२० मध्ये तेच धरत असल्याचं. दोघांनाही आपापली कारणं होती आणि दोघांचीही अ‍ॅप आज चालतात. पोरं मात्र यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दोनपर्यंत भांडतात, सकाळी कॉलेज चुकवतात.

आता थोडी गंमत. मुलाखतीत हमखास विचारतात, "स्ट्रिंग उलटी करून दाखव," म्हणजे अक्षरांची ओळ उलटी कर. मुलं 'हॅलो' उलटं करतात आणि मोकळी होतात. तुमच्या वर्गात फळ्यावर 'बेळगाव' लिहा आणि तेच विचारा. कॉटलिनला या शब्दाची लांबी विचारली तर ती सहा सांगते : ब, एकार, ळ, ग, काना, व. स्विफ्ट चार सांगते : बे, ळ, गा, व. दोघी खोटं बोलत नाहीत, मोजायचं माप वेगळं आहे. कॉटलिनमध्ये सरळ उलटं केलं तर उत्तर येतं 'वागळेब'. काना आणि एकार सुटून शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटले, आणि आपल्या गावातून एक वागळे निघाले! स्विफ्टमध्ये येतं 'वगाळबे', जे डोळ्यांना बरोबर वाटतं. डार्ट आणि जावास्क्रिप्टही सहाच मोजतात, डार्टमध्ये अक्षर म्हणून मोजायला कॅरॅक्टर्स नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं.

भाच्याला हे दाखवलं तर तो अर्धा तास गावांची नावं उलटी करत बसला. निपाणी, नंदगड, उचगाव. हसत होता, पण त्या अर्ध्या तासात त्याला युनिकोड, म्हणजे संगणक जगभरची अक्षरं आकड्यांत कशी साठवतो ते, कळलं. जे पुस्तकात दोन वर्षं त्याच्यासमोर पडून होतं. रेशन कार्डावरची, सातबाऱ्यावरची नावं ज्या अ‍ॅपमध्ये येतील तिथं दहा अक्षरांवर नाव कापलं तर मात्रा तुटून पडते, आणि तो दोष इंग्रजीतून शिकलेल्या टेस्टरला दिसतही नाही. आपल्या मुलांना तो पहिल्या नजरेत दिसतो. कन्नड अक्षरांचंही तसंच आहे. हे भांडवल त्यांच्याकडे जन्मापासून आहे, तुमच्या पत्रकात त्याची एक ओळ नाही.

शिकवायच्या भाषेबद्दलही बोलतो. वर्गात मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेली निम्मी तरी मुलं असतात. 'थ्रेड', 'स्टेट', 'कॅशे' हे शब्द तसेच ठेवा, पण समजावताना घरच्या भाषेत समजावा. इंजिनिअरिंगच्या परीक्षा घेणाऱ्या व्हीटीयू विद्यापीठाचं मुख्यालय इथंच मच्छेजवळ असलं म्हणून परीक्षेचं इंग्रजी गोठ्यात बोललं जात नाही. आणि त्याच मुलांना आठवड्यातून एकदा साधनाच्या अधिकृत दस्तऐवजाचं (डॉक्युमेंटेशनचं) एक पान इंग्रजीत, स्वतः, मोठ्यानं वाचायला लावा. व्हिडिओ बघून शिकलेलं साधनाबरोबर शिळं होतं. दस्तऐवज वाचायची सवय मला जे-टू-एमईच्या, म्हणजे नोकियावरच्या त्या छोट्या जावाच्या, काळात लागली, तीच अजून कामाला येते.

कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दल विचाराल तर मी रोज वापरतो, पोरांनीही वापरावं. पण दूध केंद्राचं ते अ‍ॅप त्याच्याकडून लिहून घेतलं असतं तरी 'सकाळी फोन आल्यावर काय होतं' हा प्रश्न त्याला कुणीतरी विचारावा लागला असता. तो प्रश्न सुचणारं पोरगं तयार करा. परीक्षेत कोड लिहायला देण्याऐवजी बिघडलेला कोड वाचायला द्या आणि बिघाड कुठं ते बोलून दाखवायला सांगा. विचारलं की दोन मिनिटांत कळतं, कुणी समजून केलंय आणि कुणी चिकटवलंय.

माझी मुख्य मागणी एकच आहे, आणि ती थोडी गैरसोयीची आहे. कोर्स संपला म्हणून सर्टिफिकेट देऊ नका. मुलाचं एक अ‍ॅप, कितीही लहान, प्ले स्टोअरवर गेल्यावर अर्धं सर्टिफिकेट द्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप खुलं करण्याआधी निदान १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. पोरं याला वैतागतात, मला तो आशीर्वाद वाटतो. गल्लीच्या गणेश मंडळात बारा जण सहज मिळतात, आणि त्यांच्याइतके तोंडाळ टेस्टर बेंगळुरूत पगार देऊन मिळायचे नाहीत. उरलेलं अर्धं सर्टिफिकेट वर्षानं द्या. प्ले स्टोअर दरवर्षी साधारण ऑगस्टअखेर नियम वर सरकवतं, नव्या अँड्रॉइडसाठी अ‍ॅप अद्ययावत केलं नाही तर पुढचं अपडेट घेत नाही. स्वतःचाच वर्षापूर्वीचा कोड उघडून, तो कुणा गाढवानं लिहिलाय असं म्हणत, ज्यानं दुरुस्त केला त्याला ते द्या. धंदा काय आहे ते त्याला त्या दिवशी कळेल. कोडची प्रत्येक जुनी आवृत्ती जपणारं गिट आपोआप येईल, कारण त्याशिवाय वर्षापूर्वीचं काही सापडणारच नाही.

याला वर्षभर लागेल आणि फी तीन महिन्यांची आहे, हे मला दिसतं. जागेचं भाडं, लाइटबिल, शिकवणाऱ्यांचे पगार, शेजारच्या गल्लीत निम्म्या फीत उघडलेला दुसरा क्लास, सगळं दिसतं. चांगला शिकवणारा वर्षभरात पुण्याला निघून जातो हेही. तरी 'जॉब गॅरंटी' हे दोन शब्द तेवढे काढा. नोकरी ही तुमच्या हातातली वस्तू नाही, आणि दाजींसारखी माणसं ते दोन शब्द वाचून सोसायटीत सही करतात. त्याऐवजी तुमच्या मागच्या बॅचच्या मुलांची प्ले स्टोअरवरची अ‍ॅप पत्रकावर छापा. ज्याच्याकडे छापण्यासारखी आहेत त्याच्याकडे मुलं आपोआप जातील.

मी आता बेळगावातच असतो, घरून काम करतो. महिन्यातले दोन रविवार मोकळे काढू शकतो. तुमच्यापैकी कुणी बोलावलं तर येऊन तो दूध केंद्राचा घोळ जसाच्या तसा फोनवर करून दाखवीन आणि मुलांकडून सोडवून घेईन. मानधन नको, चहा चालेल.

भाचा येत्या सोमवारी तुमच्यापैकी एकाकडे नाव घालायला येतोय. कुणाकडे ते त्याचं त्यानं ठरवलंय, मी विचारलेलं नाही. फॉर्म भरण्याआधी तो तुम्हाला विचारेल, "सर, अ‍ॅप मधेच मारलं गेलं तर काय करायचं, हे कितव्या आठवड्यात आहे?" त्याला उद्धट समजू नका, मीच पढवून पाठवलाय.

आपला,
टिळकवाडीतल्या मागच्या बाकावरचा एक जुना विद्यार्थी

ता. क. : पालक लॅपटॉपबद्दल तुम्हालाच विचारतात म्हणून लिहितो. ८ जीबी रॅमवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर एकदम चालवले की दोन्ही रडतात. १६ जीबी आणि एसएसडी सांगा, ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा. पैसे नसतील तर आहे त्यावर चालवा, पण एम्युलेटर बंद ठेवून घरातला जुना फोन केबलनं जोडायला शिकवा. फुटक्या काचेचा असला तर आणखी बरं, गिऱ्हाईकाचाही तसाच असतो.